इमो कुणाला म्हणू नये

माणसाला 'तू इमो आहेस का?' असं कधीही विचारू नये. नसला तर तो चिडतो, आणि असला तर जास्त चिडतो. माझी सोळा वर्षांची लेक तर पेटलीच, कारण मी हे पाहुण्यांसमोर, शेवयांच्या खिरीची वाटी तिच्या हातात देताना विचारलं. काळे कपडे, डोळ्यावर आलेली तिरपी बट, रात्री दोनला दार लावून ऐकलेली रडकी गाणी. एवढा पुरावा जमल्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनमधला कुठलाही मराठी बाप हेच म्हणाला असता. 'बाबा, तुला त्यातलं काहीही कळत नाही,' एवढं बोलून ती जिना चढून गेली.

मला कळत नाही हे बायको रोज सांगते, त्याचं काही वाटत नाही. लेकीनं म्हटल्यावर मात्र मी अभ्यासाला बसलो. सांगलीच्या मास्तरांचा मुलगा मी. न कळणाऱ्या विषयाची आधी टिपणं काढायची आणि मग तो दुसऱ्यांना समजावायचा, ही आमच्या घरची रीत.

ऑफिसात एक सहकारी आहे, पन्नाशी ओलांडलेला, मूळ वॉशिंग्टनचा. एरवी डेटाबेसखेरीज कशावर बोलत नाही. इमो म्हणताच त्यानं लॅपटॉप मिटला. इमो हे मुळात संगीत, आणि खरा इमो १९८५ च्या उन्हाळ्यातला, म्हणाला. तिथल्या हार्डकोर पंकच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या फार वाढल्या होत्या. त्याला विटलेल्या पोरांनी गोंगाट तोच ठेवला आणि त्यात स्वतःच्या मनातलं गायला सुरुवात केली. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस हे बँड त्यातले मुख्य. एम्ब्रेसच्या इयन मकायचीच डिस्कॉर्ड नावाची कंपनी होती, तिनं दोघांच्या रेकॉर्ड काढल्या. कुणीतरी या प्रकाराला इमोकोर म्हटलं, तेव्हा मकायनं भर कार्यक्रमात त्या नावाची टर उडवली. आईबापांनी बारशातच नाव नाकारावं आणि गावानं चाळीस वर्षं त्याच नावानं हाक मारावी, असा हा प्रकार.

'आणि नंतरचे?' मी विचारलं.

'नंतर काही नाही,' म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

आमचा शेजारी चाळिशीतला, रटगर्स विद्यापीठात शिकलेला. त्याच्या मते वॉशिंग्टनवाले नुसते पंक. इमो आला १९९० च्या दशकात, मध्य-पश्चिमेच्या कॉलेजगावांत आणि इथे जवळच न्यू ब्रन्सविकला, भाड्याच्या घरांच्या तळघरांत. थर्सडे हा बँड तिथलाच. आपण बॉयलरला पाठ लावून गाणी ऐकली आहेत, हे त्यानं शर्ट वर करून डागासकट सांगितलं. मग फोनवर एका पांढऱ्या घराचा फोटो दाखवला. घर इलिनॉयमधल्या अर्बाना गावातलं, भाडेकरू विद्यार्थ्यांचं. अमेरिकन फुटबॉल या बँडच्या १९९९ च्या अल्बमवर ते छापलं गेलं आणि लोक दर्शनाला जाऊ लागले. २०२३ मधे बँडनं, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतलं. इतकी वर्षं हप्ते भरूनही आमच्या घराचा फोटो आजवर फक्त टॅक्सवाल्यानं काढलाय.

लेकीचा मुक्काम तिसऱ्या काळात. माय केमिकल रोमान्स हा आमच्याच न्यू जर्सीचा बँड, २००१ मधे अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेला. त्यांचा 'द ब्लॅक पॅरेड' हा अल्बम २००६ चा, म्हणजे लेकीहून वयानं मोठा. काजळ आणि बट जगभर पोचली ती याच काळात. आणि यांचा गायक जेरार्ड वे २००७ मधेच आम्ही इमो नाही म्हणून मोकळा झालेला! पहिल्यांनी नाव झिडकारलं, तिसऱ्यांनी हात झटकले, आणि ज्याला धनीच नाही त्याच्या सातबाऱ्यावरून भांडण अजून चालूच.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही म्हणा. मार्च २००८ मधे मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावानं इमो पोरांना गाठून मारलं. मारणाऱ्यांत पंकवाले आणि मेटलवालेही होते. यांनी आमचा पेहराव चोरला, ही त्यांची एक तक्रार. तू १९८५ चा की १९९९ चा, असं तिथे कुणी कुणाला विचारलं नाही. बट दिसली, पुरे झालं. माझ्या खिरीच्या वेळच्या पुराव्यात तरी दुसरं काय होतं?

पण ज्ञान झालं की ते माणसाला पचत नाही. एका रविवारी पोहे वाढता वाढता मी लेकीला सांगून टाकलं, की तुझे माय केमिकलवाले काही खरे इमो नव्हेत, खरे ते वॉशिंग्टनचे. त्यांचं एकही गाणं मी पुरतं ऐकलेलं नव्हतं. राइट्स ऑफ स्प्रिंग लावलं होतं, पण बायकोनं आतून 'मिक्सर बंद कर आधी' म्हटल्यावर बंद केलं.

यानंतरचा अबोला मिटवायला तिकिटं काढावी लागली. ९ ऑगस्ट २०२५, ईस्ट रदरफर्डचं मेटलाइफ स्टेडियम, 'द ब्लॅक पॅरेड' पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिकिटांच्या पैशात सांगलीला साखरपुडा झाला असता. त्यात त्या अल्बमच्या थाटाचा पोशाख हवा: काळा, छातीवर रुपेरी पट्ट्यांचा, बँडवाल्यांचा कोट. इथली किंमत पाहून मी मिरजेला मेव्हण्याला फोन लावला. ब्रास बँडचे कोट शिवणारा टेलर त्याच्या ओळखीचा. 'दाजी, निवांत राहा,' तो म्हणाला.

कोट आला. काळा होता, पट्ट्या होत्या, खांद्यावर झालरीसुद्धा होत्या. फक्त पाठीवर सोनेरी जरीत एका ब्रास बँडचं नाव, खाली 'लग्न, वरात, मिरवणूक' आणि मोबाइल नंबर. टेलरच्या हाताला सवय, त्याला कोण काय करणार! काजळ लेकीनंच माझ्या डोळ्यांत घातलं. आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, 'डोळे आलेत का रे?'

स्टेडियमात लेक माझ्यापासून दहा पावलं अंतर राखून चालली. आजूबाजूला माझ्याच वयाचे लोक, कुणाच्या कानात बोळे, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. जेरार्ड वे १९७७ चा, मीही १९७७ चा. तो वर हजारोंना रडवत होता, मी खाली पॉलिस्टरमधे शिजत होतो. घामानं काजळ गालावर उतरलं. शेजारच्या बाईनं माझा हात हलकेच दाबला. तिचाही ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. मी खुलासा केला नाही.

पाण्याच्या रांगेत मागून एका दाढीवाल्या तरुणानं विचारलं, 'पाठीवर कुठला बँड?'

'मिरजेचा.'

'रेकॉर्ड मिळेल?'

'एकही काढली नाही त्यांनी.'

त्याचे डोळे चमकले. 'म्हणजे फक्त लाइव्ह?'

'फक्त लाइव्ह. तेही रस्त्यावर.'

'आणि स्वतःला इमो म्हणवतात?'

'कधीच नाही.'

त्यानं भक्तिभावानं कोटाचा फोटो काढला. लेक कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलं नाही. 'ओरिजिनल आहेत ते,' ती त्याला म्हणाली. 'नंतरचे सगळे नकली.'

पुढच्याच आठवड्यात मेव्हण्याचा फोन. बँडच्या मालकाला अमेरिकेहून मेसेज येतायत, एकाला त्यांचा कार्यक्रम ठेवायचाय.

'दाजी, मालक विचारतायत, वरात आहे का मिरवणूक? आणि तारीख लवकर कळवा म्हणावं. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त सगळे गेलेत.'