प्रकरण सातवं प्रगतिपथावर

भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालं की सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागतं, आणि मग माणूस बोरसीत, रिसालीत नाहीतर पद्मनाभपूरला घर बांधतो. घर झालं, मुलगा पुण्याला लागला, गुडघे बोलू लागले, की इथल्या मराठी माणसापुढे दोन वाटा उरतात. एक मंडळाच्या कार्यकारिणीवर जाण्याची आणि दुसरी कादंबरी लिहिण्याची. पहिल्या वाटेवर निवडणूक लढवावी लागते, म्हणून संकोची माणसं दुसरी धरतात. कादंबरीचा विषय ठरलेला असतो : भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आजोबा ट्रंक घेऊन रेल्वेत बसतात, दुर्गला उतरतात, रशियन इंजिनिअरच्या हाताखाली भट्टीवर लागतात आणि पुढे तीन पिढ्या. विषय चांगला आहे, खरा आहे, आणि मराठीत त्यावर फारसं कुणी लिहिलेलंही नाही. पण हे कादंबरीकार लिहायला बसण्याआधी योजना जाहीर करतात. तीनशे रुपयांत घरपोच प्रत, हजारात शेवटच्या पानावर ऋणनिर्देश, आणि पाच हजार देणाऱ्याच्या वडिलांचं नाव कादंबरीतल्या एका पात्राला. क्यूआर कोड आजोबांच्या फोटोखाली छापलेला असतो. पैसे जमतात. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गणीदारांना निवेदन येऊ लागतं, आणि येतच राहतं. या गृहस्थांना लेखक म्हणावं की नाही यावर दुमत होईल, पण निवेदक म्हणून त्यांचा हात धरणारा दुसरा नाही.

निवेदनं जरा जवळून वाचण्यासारखी असतात. पहिल्यात मुखपृष्ठ येतं : चिमणी, सूर्यास्त आणि पाठमोरी बाई. कादंबरीत बाई अजून आलेली नसते, पण चित्रकाराने ती घरूनच आणलेली असते. दुसऱ्यात आयएसबीएन क्रमांक मिळाल्याचं कळतं. तिसऱ्यात नायक ऐकत नाही. चौथ्यात उन्हाळा असतो, आणि दुर्गचा मे महिना ज्यांनी काढलाय ते त्यावर शंका घेत नाहीत. पाचव्यात मोतीबिंदू. सहाव्यात टायपिस्टचा प्रश्न उद्भवतो, आणि हा प्रश्न मात्र अस्सल आहे. स्टेशनजवळच्या दुकानातला टायपिंग करणारा मुलगा हिंदीवाला. मजकूर तो भराभर उतरवतो, पण ‘ळ’ त्याच्या बोटांत नाही. परिणामी आजोबांच्या डोल्यांत पाणी येतं, आजी चुलीवर तांदुल शिजवते आणि काल मोठा कठीण येतो. सगळे ‘ळ’ परत जागेवर बसवण्यात पावसाळा जातो. त्यापुढच्या निवेदनात पाच हजारवाल्यांची भानगड निघते. एकाच्या वडिलांचं नाव ज्या पात्राला दिलं, ते चौथ्या प्रकरणात सोसायटीची अफरातफर करून पळतं, आणि चिरंजीवांचा फोन येतो. मग अफरातफर दुसऱ्याच्या माथी मारावी लागते. त्या दुसऱ्याचेही चिरंजीव असतात. आता वाईट माणूस कुठून आणायचा, हा या कादंबरीपुढचा खरा कलात्मक पेच आहे. गावातल्या सगळ्या सज्जनांनी पैसे भरलेले असल्यामुळे खलनायकासाठी नाव शिल्लक नाही. शेवटची ओळ दर महिन्याला तीच : प्रकरण सातवं प्रगतिपथावर आहे.

ही सगळी फसवणूक आहे, असं पटकन म्हणणारे भेटतात. पण फसवणुकीला फसलेला माणूस लागतो, आणि इथे तो सापडत नाही. तीनशे रुपये परत मागितले असं कुणाचंही ऐकिवात येत नाही. उलट निवेदन आलं की अर्ध्या तासात उत्तरं सुरू होतात. ‘व्वा काकाजी’, ‘डोळ्यांची काळजी घ्या’, ‘घाई नको, दर्जा महत्त्वाचा’. मोतीबिंदूच्या वेळी तर वर्गणीदार पाळीपाळीने डबा पोचवतात. गणेशोत्सवात काकाजींचं, म्हणजे या कादंबरीकाराचं, अंशवाचन ठेवतात. अंश दर वर्षी पहिल्या प्रकरणातलाच असतो, लोकांना तो पाठ असतो, तरी ट्रंक उचलण्याच्या जागी टाळी पडतेच. यावरून माझं मत असं झालं आहे की वर्गणीदाराला कादंबरी नको असते. त्याला कादंबरीकार हवा असतो. आपल्या गल्लीत, आपल्या भाषेत कुणीतरी आपल्यावर लिहितंय, एवढ्यासाठी तो पैसे भरतो आणि तेवढं त्याला रोख मिळतं. त्याच्या घरची स्थिती बघा. नातू इंग्रजी शाळेत जातो, शेजाऱ्याशी हिंदीत आणि भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलतो, आजीशी मराठी बोलतो पण वाचत नाही. छापलेली तीनशे पानं त्या घरात उद्या आली तर वाचणार कोण, हा प्रश्न निघेल. कादंबरी न येण्यामुळे तो निघत नाही. लेखक आणि वाचक दोघेही एकमेकांची झाकली मूठ सांभाळतात.

यावर एक आक्षेप शिकलेला आहे. साहित्याचा इतिहास उशिरांनी भरलेला आहे, तर एकट्या बोरसीकरालाच का धरता? हा आक्षेप काकाजी स्वतःच निवेदनात घालतात आणि साक्षीला शेजारच्या राजनांदगावातून गजानन माधव मुक्तिबोधांना आणतात. मराठी घरातला हा माणूस १९५८पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होता, हिंदीत लिहीत होता, आणि त्याचा स्वतंत्र कवितासंग्रह आला तो १९६४ साली, मृत्यूच्या वर्षी. उशीर झाला, हे खरं. पण मुक्तिबोधांकडे लिहून ठेवलेलं होतं आणि छापायचं राहिलं होतं. काकाजींचं छापायचं सगळं तयार आहे, लिहायचं राहिलंय. शिवाय मुक्तिबोधांनी आगाऊ पैसे घेतले नव्हते. आगाऊ घेणाऱ्यांत खरा पूर्वज शोधायचा तर लंडनला जावं लागतं. डॉक्टर जॉन्सनने १७५६ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीची योजना जाहीर केली, वर्गणीदार गोळा केले, पुढच्या वर्षीच्या नाताळापर्यंत ग्रंथ देण्याचं कबूल केलं आणि दिला १७६५ साली. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीने त्याची जाहीर टिंगल केली, की पैसे घेतलेस, आता पुस्तक कुठाय? पुस्तकात वर्गणीदारांची यादीही नव्हती. का नव्हती, तर नावं हरवली आणि पैसे खर्च झाले, असं कारण जॉन्सनने दिल्याचं त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवलंय. आमच्या काकाजींची यादी मात्र शाबूत असते. ती लॅमिनेट केलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : निवृत्त माणसाने स्वतःच्या फंडातून पुस्तक का छापावं? लोकांनी आधी पैसे दिले तर त्याला सवड मिळते, बळ मिळतं. तत्त्वतः कबूल. पण इथे सवडीचा तुटवडा नव्हताच, सवडीनेच तर हा सगळा घोळ केला. आणि पुस्तकासाठी आगाऊ पैसे घेण्याच्या एका फार मोठ्या उदाहरणाकडे बघा. मार्च २०२२मध्ये ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाने चार कादंबऱ्यांसाठी लोकांकडे पैसे मागितले आणि महिन्याभरात चार कोटी डॉलरांहून अधिक जमले. मागितले तेव्हा चारही कादंबऱ्या लिहून झालेल्या होत्या. कोविडच्या बंद काळात त्याने वाचकांना न सांगता लिहून ठेवल्या होत्या. म्हणजे त्याने आधी कादंबरी लिहिली आणि मग निवेदन केलं. आमच्याकडे क्रम उलटा आहे. कादंबरीचं बळ कुणाला सांगितल्याने वाढत नाही, गळतं. आजोबांनी ट्रंक कशी उचलली हे महिनोन्‌महिने लोकांना सांगून झालं, त्यावर ‘व्वा’ मिळाली, की ती पुन्हा कागदावर उचलायला हात वळत नाहीत. जी दाद पुस्तकानंतर मिळायची ती आधीच वसूल झालेली असते. लंडनमध्ये २०११ साली ‘अनबाउंड’ नावाची संस्थाच या तत्त्वावर निघाली : वाचकांनी आधी पैसे द्यायचे, पुरेसे जमले तर पुस्तक. तिचं एक पुस्तक २०१४च्या बुकरच्या लांब यादीपर्यंत गेलं. २०२५ साली ती डबघाईला येऊन प्रशासकाच्या हाती गेली. तेव्हा पद्धत खोटी असं मी म्हणत नाही, पण पद्धतीने लिहिणं होत नाही एवढं दिसतं.

कादंबरी काही रूळ नव्हे की मागणी आली आणि साच्यातून काढली, असंही सांगितलं जातं. भिलाईत बसून रुळांचं उदाहरण देणं धाडसाचं आहे. रशियाशी करार झाला फेब्रुवारी १९५५मध्ये, आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद पहिल्या भट्टीचं उद्घाटन करत होते. चार वर्षांत माळरानावर पहिली भट्टी उभी राहिली. पण ते राहू द्या, कारण तिथे काकाजी एकटे नव्हते. कादंबरी ठरल्या वेळी होते की नाही, याचा दाखला मराठीतच आहे. हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून वाचकाला आठवड्याच्या आठवड्याला कादंबरी देत होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ तशीच आली. एकीकडे आनंदाश्रमाचा कारभार, पुढे पुणे नगरपालिका, आणि तरी मजकूर पोचत होता. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हे खरं. पण अपुरी राहण्याआधी त्या निदान सुरू झालेल्या होत्या, आणि वाचकाच्या हातात पडायची ती कादंबरीची पानं. नायक ऐकत नाही, हे हरिभाऊंनी वाचकाला कळवलं नाही. नायकच पाठवला.

काकाजींना सर्वांत जवळचा, आणि म्हणूनच सर्वांत अडचणीचा दाखला रायपूरचा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४चा, रायपूरचा. म्हणजे आजच्या हिशेबाने ते छत्तीसगढचे. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ काढलं, कंपनी नोंदवली, भाग विकले, ग्राहक गोळा केले, दारोदार फिरले, टिंगल सोसली आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड लोकांच्या कपाटात नेऊन ठेवले. मधल्या वेळात कादंबऱ्याही लिहिल्या, त्यातली एक ‘गोंडवनातील प्रियंवदा’. आता गंमत अशी की निवेदन केतकरांनीही लिहिलंय. ‘माझें बारा वर्षांचें काम’ हे त्यांचं पुस्तक म्हणजे ज्ञानकोश मंडळाचा इतिहासच आहे. मराठीत पैसे देणाऱ्यांना दिलेला इतका सविस्तर जाब दुसरा नसेल. फरक एवढाच की केतकरांचं काम बारा वर्षांचं आणि निवेदन एका पुस्तकाचं. काकाजींच्या हिशेबात आकडे अदलाबदल झालेत.

याच मातीतला उलटा हिशेबही सांगायला हवा, नाहीतर अन्याय होईल. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. जोडीला रामराव चिंचोलकर आणि मालक वामनराव लाखे, म्हणजे सगळी मंडळी मराठी आडनावांची. अंक निघत होते, सप्रे लिहीत होते, आणि १९०२ अखेरीस पैशाअभावी मासिक बंद पडलं. तेव्हा मजकूर होता आणि पैसा येत नव्हता. आज पैसा येतो आणि मजकूर नाही. सव्वाशे वर्षांत वाचक सुधारला, हे काकाजींचं श्रेय मानलं पाहिजे. सप्र्यांना बोरसीतले वर्गणीदार मिळाले असते तर मासिक अजून चालू असतं. शिळोप्याच्या गप्पांत हा मुद्दा काढला, की काकाजी तो पुढच्या निवेदनात घालतात.

तर मग या माणसाचं करायचं काय? त्याला लबाड म्हणता येत नाही, कारण एकाही रुपयाचा त्याने घोटाळा केलेला नसतो. पैसे वेगळ्या खात्यात असतात आणि पासबुकाचा फोटो दर दिवाळीला येतो. आळशी म्हणावं तर निवेदनांची पानं मोजा, एक बरी कादंबरी त्यात बसली असती. आणि तीच तर चिडायची गोष्ट आहे. ‘ळ’ हरवल्याचं निवेदन, खलनायकाला नाव न मिळाल्याचं निवेदन, दुर्गच्या उन्हाचं निवेदन यांत जी माणसं दिसतात, जी बोली येते, जो मिस्कीलपणा आहे, तो त्या ट्रंकवाल्या पहिल्या प्रकरणात औषधालाही नाही. तिथे आजोबा छापील मराठी बोलतात, आणि रशियन इंजिनिअरही. काकाजींना लिहिता येतं. ज्याचे पैसे घेतलेत ते सोडून बाकी सगळं त्यांना लिहिता येतं. दोष त्यांच्या एकट्याचा नाही. प्रत्येक निवेदनाला ‘व्वा काकाजी’ म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांची सवय पोसली आहे. वर्गणीदार गप्प राहिला असता, तर कंटाळून का होईना, त्यांनी आठवं प्रकरण गाठलं असतं.

म्हणून वर्गणी भरलेल्या सर्वांना एवढीच विनंती. पैसे परत मागू नका, ते मिळतील आणि सगळ्यांचाच विरस होईल. पण येत्या महिन्याचं निवेदन आलं की फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवू नका, डोळ्यांची चौकशी फोनवर करा. लेखी फक्त सातव्या प्रकरणाचं पहिलं पान मागा. ‘ळ’ नसला तरी चालेल म्हणावं.