लेखी आणि प्रात्यक्षिक

जनसंपर्क हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधीच एक खूणगाठ बांधावी. या विषयाच्या लेखी परीक्षेचा आणि प्रात्यक्षिकाचा एकमेकांशी संबंध लावायचा नसतो. लावला की विद्यार्थी नापास होतो, किंवा पत्रकार होतो.

लेखीला पहिला प्रश्न हमखास आयव्ही ली यांच्यावर. या अमेरिकन गृहस्थांनी 1906 मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने संपादकांना एक जाहीरनामा पाठवला. आमचं काम उघड्यावर चालतं, आमची माहिती अचूक असते, कुणा संपादकाला ती पडताळायची असेल तर आनंदाने मदत करू, असा त्याचा आशय. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले, पन्नासहून अधिक माणसं गेली. कंपनीने तोंड लपवण्याऐवजी लींच्या सल्ल्याने स्वतःच निवेदन काढलं, पत्रकारांना जागेवर नेलं. जगातलं पहिलं प्रसिद्धीपत्रक ते हेच, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक जनसंपर्कवालेच आहेत, पण ते असू द्या.

प्रात्यक्षिक झालं 1914 मध्ये. कोलोरॅडोतल्या लडलो इथे रॉकफेलरांच्या कंपनीविरुद्ध संपावर गेलेले खाणकामगार बायकामुलांसह तंबूंत राहत होते. तंबूंवर गोळीबार झाला, मग ते पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली अकरा मुलं आणि दोन बायका गुदमरून मेल्या. रॉकफेलरांनी लींना बोलावलं आणि पत्रकांचा पाऊस सुरू झाला. संपाच्या पुढाऱ्यांचे पगार फुगवून छापले गेले. कामगारांची बाजू घेणाऱ्या वृद्ध मदर जोन्स पूर्वी कुंटणखाना चालवायच्या, हेही छापलं गेलं. पुढे चौकशी आयोगाने विचारलं, हे सगळं तपासलं होतंत का? नाही, कंपनीने दिलं तसं छापलं, असं ली म्हणाले. जाहीरनामा पुन्हा वाचा. पडताळायला मदत करायचं वचन संपादकांना आहे. आपण स्वतः पडताळू, असं त्यात कुठे लिहिलंय? पैकीच्या पैकी गुण.

एडवर्ड बर्नेज मात्र खरे गुरुवर्य. सिग्मंड फ्रॉइडचे सख्खे भाचे, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरू दिली नाही. 1923 मध्ये त्यांनी या धंद्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात त्याचा वर्गही घेतला. धंदा, ग्रंथ आणि अभ्यासक्रम, तिन्ही एकाच घरचं. आपल्याकडच्या गाईडं छापणाऱ्या मास्तरांनाही हे जमलेलं नाही.

त्यांचं 1929 चं प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे: ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुणींनी सिगारेटी शिलगावल्या, वर्तमानपत्रांनी त्याला स्त्रीमुक्ती मानून बातम्या दिल्या आणि मुक्तीचं बिल तंबाखू कंपनीच्या खात्यावर पडलं. मला स्वतःला 1934 चं जास्त आवडतं. लकी स्ट्राइक सिगारेटचं पाकीट हिरवं होतं आणि ते कपड्यांना शोभत नाही म्हणून बायका घेत नाहीत, असं लक्षात आलं. बर्नेज म्हणाले, पाकिटाचा रंग बदला. मालक म्हणाले, जाहिरातींवर इतका पैसा ओतल्यावर? शक्य नाही. मग बर्नेजनी कपड्यांचा रंग बदलायला घेतला. उच्चभ्रू बायकांसाठी हिरवा नृत्यसोहळा, फॅशनवाल्यांना हिरव्या रंगाची दीक्षा, सगळीकडे हिरवंच हिरवं. पाकीट होतं तसंच राहिलं. आणि घरी? घरी हेच गृहस्थ बायकोने सिगारेट सोडावी म्हणून तिच्या सिगारेटी मोडून टाकायचे. प्रात्यक्षिक घराबाहेर असतं ते असं.

यानंतरचा सिद्धान्त 1984 चा, ग्रुनिग आणि हंट या प्राध्यापकद्वयीचा. जनसंपर्काची चार प्रतिमानं आहेत आणि त्यांत श्रेष्ठ कोणतं, तर संस्थेने लोकांचं ऐकून स्वतःही बदलायचं ते. उत्तरपत्रिकेत हे ठळक अक्षरांत लिहावं. नोकरीच्या मुलाखतीत उच्चारू नये. आपण बदलायला हवं, हे ऐकण्यासाठी कुणी सल्लागाराच्या नावाने दरमहा धनादेश फाडत नाही. मग असली वाक्यं पुस्तकात का असतात? कारण धंद्यालाही स्वतःची प्रतिमा असते, आणि तिचं काम सिद्धान्ताकडे सोपवलेलं असतं. या धंद्याने काढलेलं सर्वांत यशस्वी पत्रक म्हणजे त्याचं क्रमिक पुस्तक.

आता गृहपाठ. तुम्ही एका नगरपालिकेचे जनसंपर्क अधिकारी आहात. मुख्य जलवाहिनी फुटली आहे. चार दिवस नळ कोरडे, रस्त्यात तळं. प्रसिद्धीपत्रक लिहा.

नमुना उत्तर: ‘मा. नगराध्यक्षांच्या संकल्पनेतून शहरातील जलवाहिनीच्या सक्षमीकरणाचे काम युद्धपातळीवर हाती घेण्यात आले आहे. मान्यवरांनी प्रत्यक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केले. नागरिकांनी पाणी जपून वापरून सहकार्य करावे.’ सोबत मान्यवरांचं छायाचित्र, तळं दिसणार नाही अशा बेताने कापलेलं.

एका विद्यार्थिनीने या पत्रकात ‘पाणी गुरुवारी सकाळी येईल’ असं वाक्य घातलं. तिचे पाच गुण कापले आहेत. शेरा: अनावश्यक तपशील, पुढे अंगाशी येऊ शकतो.