गल्लीच्या रस्त्याविषयी सूचना करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामे सुचवता येतात. ही सोय 2006 पासून आहे. गल्लीत चालणे आणि सायकल चालवणे सुरक्षित व्हावे, असे ज्याला वाटते त्याने क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज आणावा, भरावा आणि मुदतीत द्यावा. अशा व्यक्तीस येथे सूचनाकार म्हटले आहे.

सूचनाकाराने प्रथम आपण पादचारी आहोत की वाहनचालक, हे ठरवावे. बहुतेक सूचनाकार घराच्या फाटकापासून गाडीपर्यंत पादचारी असतात. हे अंतर साधारण चार पावलांचे भरते, कारण गाडी फाटकासमोरच्या पदपथावरच उभी असते.

यानंतर स्थळपाहणी. तिला मोजपट्टी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी. गल्लीतल्या पदपथाची एकूण रुंदी मोजून तीतून विजेची डीपी, झाडाचा पार, चहाची टपरी, शुभेच्छांच्या फलकाचा खांब, मागच्या कामाचा राडारोडा आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या वजा कराव्यात. उत्तर उणे आल्यास गणित चुकले असे समजू नये.

सूचनांमध्ये अग्रस्थान गतिरोधकाचे. प्रमाणित गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच आणि अंगाने गोलसर असतो. त्यावरून ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेगाने विनासायास जाता येते. लोकमान्य गतिरोधक याहून वेगळा. तो अरुंद, उभट आणि एका रात्रीत उगवलेला असतो, आणि त्यावरून जाताना सायकलस्वाराला आपल्या मणक्यांची संख्या कळते. गतिरोधक हवाच, यावर गल्लीत दुमत नसते. तो शेजारच्या बंगल्यासमोर हवा, यावरही नसते.

वेग कमी का करावा, याचे कारण अर्जात थोडक्यात द्यावे. ताशी 30 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा वेग 60 झाला, की तिची धडक दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जेची होते. मात्र ‘गतिज ऊर्जा’ हा शब्द टाळलेला बरा. अर्ज विद्युत विभागाकडे जाण्याचा संभव असतो.

सायकल मार्गाची सूचना करताना इतिहासाचे भान हवे. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य प्रत्येक सभेत एकदा उच्चारले जाते आणि ते उच्चारणाऱ्याच्या हातात बहुधा मोटारीची किल्ली असते. शहराचा सर्वंकष सायकल आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला. पादचारी धोरण त्याच्याही आधीचे, 2016 चे. म्हणजे कागदावर काही कमी नाही. रस्त्यावर सायकल मार्ग जेथे आखलेला असतो तेथे त्यावर सायकलचे चित्रही असते. टेम्पो लावताना मागचे चाक कोठे आणावे, हे त्यावरून समजते.

आता अर्जापूर्वी भरणाऱ्या गल्लीच्या सभेविषयी. ती रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये भरते. सर्व जण गाडीने येतात आणि गाड्या पदपथावर लावतात, त्यामुळे महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना पदपथ दाखवायचा राहून जातो. ‘मुळात’ या शब्दाने बोलणे सुरू करणाऱ्यास वीस मिनिटे द्यावी लागतात. ‘आमचा विरोध नाही, पण’ अशी सुरुवात करणारे दुकानदार असतात; त्यांचे गिऱ्हाईक गाडीवरूनच येते, असा त्यांचा ठाम समज असतो, आणि पायी आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कोणी ठेवत नसल्याने तो खोडून काढता येत नाही. सभेची पहिली दहा मिनिटे सुरक्षिततेला आणि उरलेला वेळ पार्किंगला द्यावा. एका बाजूचे पार्किंग बंद करावे, हा ठराव एकमताने मंजूर होतो. कोणती बाजू, यावर सभा तहकूब होते.

या सभेला काही मंडळी नसतात. सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला गल्लीतून चालत येणाऱ्या बायका रविवारी अकरा वाजता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असतात. सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा दुसऱ्या कामावर गेलेला असतो. रस्ता सर्वाधिक वापरणारे हेच, पण अर्जावर त्यांची सही नसते. त्यांना सभेची वेळ विचारण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. ती रूढ करण्यास विशेष खर्च येणार नाही, असे या विषयाच्या अभ्यासकास वाटते.

अर्ज दिल्यावर आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. काम मंजूर झाल्यास ते बहुधा मार्चमध्ये निघते, कारण आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवले जातात, आणि जलवाहिनीसाठी एप्रिलमध्ये तेही निघतात.

तोवर चालण्याची हौस असणाऱ्याने 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर जावे. 2021 मध्ये त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि पुढेही ती प्रथा चालू राहिली. रस्त्याच्या मधोमध चालता येते, मुलांना खेळता येते. गाडी शेजारच्या पेठेतल्या गल्लीत लावावी लागते. त्या गल्लीतल्या लोकांनीही अर्ज केलेला असतो.

सूचनापत्र क्षेत्रीय कार्यालयात मिळते. कार्यालयासमोर गाडी लावायला जागा नसते, चालत जावे.