गाल कुणाचे भरायचे?

बसलेले गाल भरून देणारं इंजेक्शन, म्हणजे फिलर, आता बेळगावात सहज मिळतं. त्वचारोगतज्ज्ञ देतात, कॉस्मेटिक क्लिनिकं देतात आणि लग्नसराई जवळ आली की ज्यांना सुई हातात धरायचा अधिकार नाही तेही देऊ लागतात. एक मिलीलिटरच्या सिरिंजला साधारण १५ ते ३० हजार रुपये पडतात. एक मिलीलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, आणि दोन्ही गाल नीट भरायला एक सिरिंज सहसा पुरत नाही. इथल्याच खासबागेतल्या एखाद्या बाईने सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार वर्षभर जपून ठेवले, त्यातला एक पैसा मोडला नाही, तर वर्षअखेरीला तिच्या हातात एक सिरिंज येईल.

श्रीमंतांची हौस म्हणून हा विषय बाजूला टाकता आला असता. पण गालाचा गेलेला भराव परत आणणारं हे औषध मुळात कुणासाठी मंजूर झालं ते पाहिलं, की तो बाजूला टाकवत नाही.

सुरकुत्या भरायला गाईच्या कोलॅजनची इंजेक्शनं अमेरिकेत १९८१ पासून मिळत होती. पण गाल, कानशिलं इथली चरबीच नाहीशी झाली तर काय करायचं, याला उत्तर नव्हतं. ते मिळालं ऑगस्ट २००४ मध्ये. स्कल्प्ट्रा नावाच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजुरी दिली, ती एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि चेहऱ्याची चरबी गमावलेल्या माणसांसाठी. नवरीसाठी नाही, नटीसाठी नाही. १९९९ पासून युरोपात हेच औषध न्यू-फिल या नावाने होतं. २००६ साली रेडिएस आलं, त्याच्याही मंजुरीत एचआयव्ही रुग्णांचे बसलेले गाल होते.

त्याच २००४ सालच्या १ एप्रिलला भारत सरकारने एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधं तेव्हाच्या उपचाराचा कणा होती. या गोळ्यांनी माणसं मरणाच्या दारातून परत आणली, हे कुणी विसरू नये. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला, तेव्हाच गरीब देशांत हा उपचार शक्य झाला. पण त्या तिघांतलं स्टॅव्हुडिन शरीरातल्या चरबीच्या पेशी आतून मारत होतं. पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच ते बिघडवायचं. वर्ष-दोन वर्षांत गाल आत जायचे, कानशिलं खोल व्हायची, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. माणूस आतून बरा होत चाललेला, वजन धरू लागलेला, कामावर परतलेला, आणि चेहरा मात्र दर महिन्याला जास्त आजारी दिसणारा.

तो काळ आपल्या भागाला चांगला आठवतो. बेळगाव, बागलकोट, विजापूर, आणि सीमेपलीकडचे सांगली, कोल्हापूर, सोलापूर हे सगळे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या जास्त प्रादुर्भावाच्या 'अ' वर्गातले जिल्हे होते. सांगलीच्या संग्राम या संस्थेने १९९२ पासून आणि तिच्यातूनच १९९६ साली उभ्या राहिलेल्या व्हॅम्प या बायकांच्या संघटनेने सांगलीपासून निपाणीपर्यंत काम उभं केलं, ते याच आगीत. नवरा ट्रकवर होता किंवा मुंबई-पुण्याला कामाला होता, तो गेला, आणि मागे राहिलेल्या बाईला तपासणीनंतर कळलं, असं घर ज्या गल्लीत नाही अशी गल्ली त्या वर्षांत शोधावी लागली असती.

आता खासबागेचा विचार करा. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा मागांचा पट्टा. घराला घर लागलेलं, एका घरातला पॉवरलूमचा खडखडाट चौथ्या घरात ऐकू येतो. कांड्या भरायला बायका एकत्र बसतात. रविवारच्या बाजारात भाजी घेताना निम्मी माणसं ओळखीची निघतात. अशा वस्तीत तोंड लपवून जगता येत नाही. चांगली भरल्या अंगाची बाई वर्षा-दोन वर्षांत गालफडं बसलेली दिसली की पाण्याच्या टाकीपाशी कुजबुज सुरू व्हायची. आधी 'वाळलीस गं', मग 'काही होतंय का', मग तिच्या घरचा चहा नको म्हणणं. उपचाराचं कार्ड कपाटात कुलपात ठेवलं, गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात लपवली, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला जायला ओळखीचं कुणी भेटू नये अशी बस धरली, तरी गालांनी सगळं सांगून टाकलं. पोरीचं लग्न मोडायला तेवढं पुरायचं.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. कायदा चांगला आहे, हवाच होता. पण त्याने फायलीतली गुप्तता राखली. सरकारी गोळीनेच चेहऱ्यावर उमटवलेली खूण त्याच्या कक्षेत आली नाही.

अमेरिकेत याचा विचार झाला. तिथल्या वृद्धांच्या आणि अपंगांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, २३ मार्च २०१० पासून एचआयव्ही औषधांमुळे गाल बसलेल्या आणि त्यापायी नैराश्यात गेलेल्या रुग्णांच्या फिलरचा खर्च उचलायला सुरुवात केली. चेहऱ्यावरचा कलंक हा आजाराचाच भाग आहे, हे त्या निर्णयात मान्य झालं. आपल्याकडे? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाल भरून देण्याची तरतूदच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं, पुढे आपल्याकडेही ते गेलं. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर ही एकच गोळी मिळते आणि तिने गाल बसत नाहीत. नव्या रुग्णाची सुटका झाली. पण २००५ ते २०१० च्या दरम्यान ज्यांचे गाल गेले, त्यांची चरबी औषध बदलल्यावरही पुरती परत येत नाही. ती माणसं आज पन्नाशीत आहेत, गोळ्या घेत आहेत, कामं करत आहेत आणि तोच चेहरा घेऊन बाजारात जात आहेत.

आयुष्मान भारतमधून कॉस्मेटिक उपचार वगळलेले आहेत. खासगी विमाही कॉस्मेटिक म्हटलं की हात वर करतो, पण त्याच कलमात एक फट ठेवलेली आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना चालते. भाजलेला चेहरा दुरुस्त करणं उपचार असेल, तर सरकारने दिलेल्या औषधाने खाल्लेला चेहरा दुरुस्त करणं हाही उपचारच. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

खासबागेत गाल बसण्याचं याहून कितीतरी मोठं आणि रोजचं कारण वेगळंच आहे, आणि त्यावर सिरिंजचा उपयोग नाही. सकाळी उंबऱ्यावर बसून तर्जनीने हिरड्यांना मशेरी चोळणारी बाई आपल्या भागात अजून दिसते. तंबाखू निपाणीचा, तव्यावर भाजून काळी केलेली पूड पत्र्याच्या डबीत, आधी दात घासायला म्हणून, मग डोकं दुखतं म्हणून, मग दिवसातून चार वेळा. हिरड्या सुटतात, दात हलतात, एकेक पडत जातो. दात गेला की त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजायला लागतं, कारण त्याचं कामच संपलेलं असतं. हाड खाली बसलं की ओठ आत वळतात, गाल आत ओढले जातात आणि पन्नाशीच्या बाईच्या तोंडाचं बोळकं होतं. पुरुषांत गुटखा आणि विडी तेच काम करतात, वर कर्करोगाचा धोका वेगळा.

या बाईला फिलर विकणं म्हणजे तिला लुबाडणं आहे. फिलरमध्ये सहसा असणारं हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, मग विरघळून जातं. तिला हवी आहे नीट बसणारी कवळी. कवळीने ओठ पुढे येतात, गालांना आतून टेकू मिळतो आणि ती भाकरी चावून खाऊ शकते. आपल्या शहरात दंत महाविद्यालयं आहेत, तिथे शिकाऊ डॉक्टर आपल्या प्राध्यापकांच्या नजरेखाली खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात कवळी करून देतात. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बाईला सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत. तेव्हा आई-आजीला तिथे घेऊन जा, आणि मशेरीची डबी त्याच दिवशी बंद करा.

आणखी एक. गाल हळूहळू वयाने बसतात ते वेगळं. चेहऱ्यातले चरबीचे कप्पे वयाबरोबर पातळ होतात, डोळ्यांखालचं आणि जबड्याचं हाडही झिजतं. पण तीन-चार महिन्यांत गाल बसले, कपडे ढिले झाले, तर आरशाकडे नंतर पाहा. आधी साखर तपासा, थुंकी तपासा, थायरॉइड तपासा, आणि लाज न बाळगता एचआयव्हीची तपासणी करा. सरकारी तपासणी केंद्रात ती फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. क्षयरोगाची औषधंही फुकट आहेत. असा माणूस आधी गाल भरायला गेला आणि टोचणाऱ्याने काही न विचारता टोचलं, तर रोगाला आणखी सहा महिने मिळतात.

आता लग्नसराईवाल्यांकडे येतो. पोरगी वीस-एकवीस वर्षांची, चेहरा मुळात भरलेला, आणि फोटोत गालाची हाडं उठून दिसावीत म्हणून आईच तिला घेऊन जाते. अमेरिकेत ही फिलर २२ वर्षांच्या पुढच्यांसाठीच मंजूर आहेत, हे त्या आईला कुणी सांगत नाही. स्वस्तात हवं म्हणून पार्लरमध्ये जातात, तिथे सुई न वापरता दाबाने जेल आत मारणारं पेन असतं. 'सुई नाही, म्हणजे धोका नाही' असं सांगितलं जातं. ते खोटं आहे. या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली जाहीर इशारा दिलेला आहे.

धोका कशाचा, ते स्पष्ट सांगतो. चेहऱ्याच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. भुवयांच्या मधल्या किंवा नाकाच्या भागात सुई चुकून धमनीत गेली आणि जोराने दाबलं, तर जेल उलट दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत जातं. डोळ्याच्या पडद्याला रक्त पोचत नाही. तास-दीड तासात काही करता आलं नाही, तर त्या डोळ्याची नजर सहसा कायमची जाते. धमनी त्वचेची असेल तर तिथली कातडी आधी पांढरी पडते, मग निळसर जाळी दिसते, मग काळी पडून मरते. नाकाच्या शेंड्याची कातडी गेली की ती फोटोत लपत नाही.

हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल असेल तर त्यावर उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम ते जेल विरघळवतं. ते दुर्मिळ नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याभोवती भूल देताना डोळ्यांचे डॉक्टर तेच वापरतात. फिलर टोचणाऱ्या खोलीत ते फ्रिजमध्ये नसेल, तर त्या खोलीत बसायचंच नाही. आणि स्कल्प्ट्रासारखं औषध असेल तर ते विरघळवणारं काहीच नाही, हेही आधी माहीत असायला हवं.

खुर्चीत बसण्यापूर्वी भिंतीकडे बघा. २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचा नोंदणी क्रमांक तिथे लावलेला हवा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. सिरिंजचं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलेलं हवं, त्यावरचं नाव आणि तारीख वाचता आली पाहिजे, आणि ते लेबल तुमच्या कागदावर चिकटवून मिळालं पाहिजे. यातल्या एकालाही कुणी 'कशाला एवढं?' म्हणालं, तर उठून घरी या. पंचवीस हजार रुपये देताना प्रश्न विचारायला संकोच कसला?

आवडीने, समजून, योग्य डॉक्टरकडे जाऊन कुणी स्वतःचे गाल भरून घेतले तर त्याला माझं काही म्हणणं नाही. पैसा त्याचा, चेहरा त्याचा. माझं भांडण सरकारशी आहे. स्टॅव्हुडिनच्या काळातले बेळगाव जिल्ह्यातले रुग्ण एआरटी केंद्रांच्या नोंदवहीत आहेत. नावं न फोडता त्यांची मोजणी करता येते, कुणाचे गाल किती बसलेत हे डॉक्टर पाहू शकतात, आणि ज्यांना हवं त्यांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तज्ज्ञांकडून फिलर देता येतं. सगळ्यांना नको असेल, काहींनी त्या चेहऱ्याशी समझोता केला असेल. पण विचारलं तरी पाहिजे. आजवर ते कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

हिवाळी अधिवेशन आपल्याच दारात, सुवर्ण विधानसौधात भरतं. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आमदारांनी तिथे आरोग्यमंत्र्यांना एकच प्रश्न विचारावा: औषधाने चेहरा गमावलेल्या एचआयव्ही रुग्णांचा फिलरचा खर्च आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कधी घेणार? आणि उत्तर तारखेसह घ्यावं.