तीन डीबी कमी

रात्री नऊच्या सुमारास बेल वाजली, की आमच्याकडे आधी गॅलरीतला दिवा बंद होतो आणि मग दार उघडतं. दारात चौथ्या मजल्यावरचे काका असतात. चष्मा कपाळावर, डाव्या हातात पत्त्यांच्या कॅटएवढं यंत्र आणि उजव्या हातात त्याला जोडलेलं तांब्याच्या तारेचं बांगडीएवढं कडं. या कड्याला काका ‘नाक’ म्हणतात.

“बंद कशाला केलास? लाव,” असं म्हणत ते चपला काढून थेट गॅलरीत जातात. नाक दिव्याजवळ नेतात. यंत्राच्या पडद्यावर तळाशी गवतासारखी पिवळी रेघ असते, ती तरारून वर येते. दिवा घालवला की बसते. लावला की उठते. हे पाचसहा वेळा होतं. गोणीत शिरलेला उंदीर शेपटीसकट हाती लागावा, तसा काकांचा चेहरा होतो.

“तुमचा दिवा माझ्या चाळीस मीटरवर येतोय,” त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझी बायको उखडली होती. “मीटर कसले मोजताय? गॅलरी आमच्या हद्दीत आहे.” चाळीस मीटर ही लहरीची लांबी आहे, हौशी रेडिओवाल्यांना ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ ही पट्टी मिळालेली आहे आणि आमच्या स्वस्त एलईडी दिव्याने तिथे अतिक्रमण केलं आहे, हे समजायला आम्हाला तीन आठवडे लागले. दिव्याच्या बुडातली इवलीशी सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते. प्रत्येक तोडण्याचे पडसाद वरच्या फ्रीक्वेन्सीवर उमटतात. ते अडवायला फिल्टर लागतो, कारखानदार काही रुपये वाचवायला तो गाळतो आणि मग घरातलं वायरिंगच एरियल होतं. एवढं सांगून काका खिशातून फेराइटचं कडं काढतात, वायरला त्यातून चारपाच वेढे देतात आणि निघताना मुलाच्या लॅपटॉपच्या चार्जरलाही एक बांधून जातात. आमच्या इमारतीतल्या निम्म्या चार्जरांच्या गळ्यात असे ताईत आहेत.

काका बिनतारी खात्यातून निवृत्त झाले. हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे नोकरीपासूनच आहे, व्हीयूटूने सुरू होणारं कॉलसाइन आहे, गच्चीवर दोन टोकांना बांधलेली वीस मीटर तार आहे. तिच्यावर वाळवणाचे कपडे पडू नयेत म्हणून सोसायटीच्या सभेत दरवर्षी अर्धा तास जातो. या तारेवरून जगाशी बोलता येतं. काका बोलत नाहीत. बोलायच्या आधी बँड स्वच्छ पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे.

त्यांच्या नोकरीच्या काळात असलं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रम अॅनालायझर, ही लोखंडी पेटी होती, टेबलावर चढवायला दोन माणसं लागायची. ती कुलपात असायची. हात लावायचा तर रजिस्टरमध्ये सही, वरिष्ठांची सही आणि वरिष्ठ रजेवर असले तर सोमवारपर्यंत वाट. काकांच्या वाट्याला ती वर्षातून दहाबारा वेळा येई. मग निवृत्तीनंतर मुलाने वाढदिवसाला हे टायनीएसए दिलं. नेदरलँड्समधल्या एका हौशी रेडिओवाल्याने आराखडा केलेलं, पावणेतीन इंचांच्या पडद्याचं, शर्टाच्या खिशात मावणारं. लोखंडी पेटीची सर त्याला नाही, हे काका स्वतःच सांगतात. पण सही लागत नाही. ज्या माणसाला अठ्ठावीस वर्षं वाटीने वाढलं, त्याच्या हातात पातेलं आलं, आता तो काय करणार?

तो सगळीकडे डोकावणार. ऑसिलोस्कोप वेळ दाखवतो, हे यंत्र फ्रीक्वेन्सी दाखवतं. आडव्या रेषेवर कोण कुठे बसलंय ते दिसतं आणि उभ्या रेषेवर कोण किती ओरडतंय ते. काकांना माणसंही तशीच दिसू लागली आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल ते एकदा म्हणाले, “बँडविड्थ फार, सिग्नल काही नाही.”

उभी रेषा डेसिबलमध्ये असते, त्यामुळे घरातलं मोजमापही डेसिबलमध्ये गेलं. तीन डीबी वाढलं म्हणजे दुप्पट, तीन डीबी कमी म्हणजे निम्मं. मधुमेह निघाल्यावर काकांनी काकूंना सांगितलं, “चहात साखर तीन डीबी कमी.” काकूंनी एका चमच्याचा अर्धा केला. पुढच्या तपासणीनंतर आणखी तीन डीबी. काकू मराठी घेऊन बीए झालेल्या आहेत, पण पाव चमचा त्यांनी बरोबर टाकला. रेडिओवाल्यांच्या बोलीत तरुण मुलगी म्हणजे वायएल आणि बायको म्हणजे एक्सवायएल, अर्थात माजी तरुणी. हा अर्थ काकूंना कळला त्या दिवशी मात्र साखर अनंत डीबी खाली होती.

सध्याचं यंत्र दुसरं आहे. पहिलं शहीद झालं. पाच वॅटच्या हँडसेटचा सिग्नल तपासताना काकांनी हँडसेट सरळ यंत्राला जोडला आणि बटण दाबलं. पाच वॅट म्हणजे ३७ डीबीएम. यंत्राची सहनशक्ती १० डीबीएम. “पाचशे पट!” काका अजून मान हलवतात. “लहान मुलाच्या कानाशी बँड वाजवला मी.” तेव्हापासून सिग्नल दाबणारा ४० डीबीचा अॅटेन्युएटर यंत्राच्या तोंडाशी पक्का बसवलेला असतो, नाक लावायचं असेल तेव्हाच तो निघतो.

दुसऱ्या यंत्रानेही त्यांना एकदा तोंडघशी पाडलं. पडद्यावर एक भलतंच शिखर दिसलं, काकांनी त्याचा माग खालच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यापर्यंत काढला आणि वेटिंगमधल्या पेशंटांसमोर त्यांच्या मशिनवर आरोप ठेवला. रात्री झोपेत त्यांना आठवलं, की जवळच्या एफएम केंद्राच्या दणक्याने यंत्र स्वतःच गुदमरतं आणि नसलेली शिखरं दाखवतं. परीक्षा सोपी आहे. आतला अॅटेन्युएटर दहा डीबीने वाढवायचा. खरं शिखर पडद्यावर आहे तिथेच राहतं, खोटं कोसळतं. हे कोसळलं. सकाळी काका पेढे घेऊन दवाखान्यात गेले. दंतवैद्यांना मशिनबद्दलचा आरोपच कळला नव्हता, त्यामुळे माफी कळायला आणखी वेळ लागला. पेढे त्यांनी दातांच्या दृष्टीने नाकारले.

पण काकांची खरी कामगिरी म्हणजे वॉचमन मामांचा वॉकीटॉकी. गेटवरून गच्चीपर्यंत आवाज पोचेना. सेक्रेटरी नवा सेट घ्यायच्या विचारात होते. काकांनी तो ताब्यात घेऊन पार्किंगमध्ये टेबल मांडलं. आधी अॅटेन्युएटरमधून सेटची ताकद मोजली. ठणठणीत. मग दुप्पट आणि तिप्पट फ्रीक्वेन्सीवर पिलावळ किती आहे ते पाहिलं. थोडी होती, पण स्वस्त सेटला असायचीच. “म्हणजे माल गोदामातून निघतोय,” काका जमलेल्या पोरांना म्हणाले, “वाटेत कोण खातंय ते बघू.” मग दहा पावलांवर यंत्र ठेवून दोन्ही सेट आळीपाळीने बोलायला लावले. मामांचा सेट दुसऱ्यापेक्षा वीस डीबी खाली. शंभरातला एक भाग बाहेर पडत होता. एरियलींची अदलाबदल केली, तसा आजार दुसऱ्या सेटकडे गेला. दोन तासांनी काकांनी निकाल दिला: एरियल भलत्या बँडची आहे.

“हां, ती मीच बदलली,” मामा म्हणाले. “जुनी लांबडी होती, काखेत टोचायची. भाच्याकडच्या सेटची आखूड लावली.”

पोरं हसत सुटली. मी म्हटलं, “काका, आधी त्यांनाच विचारलं असतं तर?”

“विचारून कळलं असतं,” काका यंत्र पुसत म्हणाले, “दिसलं नसतं.”

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला. सगळ्या इमारती काळ्या. लिफ्टमध्ये कोणी आहे का, इन्व्हर्टर का चालेना, असा आरडाओरडा चालू असताना चौथ्या मजल्यावरून काकांची हाक आली, “अरे, लवकर वर ये!” मला वाटलं, कोणी पडलंबिडलं. धावत गेलो. काका बॅटरीवर रेडिओ लावून अंधारात बसले होते. यंत्राला गच्चीवरची तार जोडलेली. पडद्यावर गवत नव्हतंच, रेघ पार तळाला जाऊन झोपली होती. तिच्यातून एकेक सिग्नल काडीसारखा सरळ वर आला होता.

“सव्वीस डीबी खाली गेलंय,” ते कुजबुजले. मोठ्याने बोललं तर ते उठेल, अशा बेताने. “असा बँड मी सत्याहत्तर साली ऐकला होता.”

स्पीकरमधून दाक्षिणात्य वळणाच्या इंग्रजीत कोणीतरी सीक्यू, सीक्यू म्हणून साद घालत होतं. अगदी शेजारच्या खोलीतून घालावी तशी.

“काका, उत्तर द्या की.”

“थांब रे. आधी बघू दे.”

तो माणूस चारदा ओरडला, पाचव्यांदा ओरडला. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माइक उचलला, घसा साफ केला, आपलं कॉलसाइन म्हणायला तोंड उघडलं आणि वीज आली. गल्लीभर टाळ्या, शिट्ट्या. पडद्यावर गवत कमरेएवढं उभं राहिलं, तो माणूस त्यात दिसेनासा झाला. काकांनी माइक हुकाला अडकवला.

आतून काकूंनी विचारलं, “जेवायला वाढू ना? आणि हो, अंधारात आमटीत मीठ दोनदा पडलंय. तीन डीबी जास्त आहे.”