उपनगरवासीयांनी अद्भुत प्राण्याचे दर्शन कसे घ्यावे

अद्भुत प्राण्याचे दर्शन घडावे ही मनुष्यमात्राची इच्छा पुरातन आहे. परंतु ती पुरी करण्याची साधने सर्वांस सारखी उपलब्ध नाहीत, ही गोष्ट या विषयावर लिहिणाऱ्यांनी पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. एरिक शिप्टन यांस 1951 साली मेनलुंग हिमनदीवर यतीची म्हणून जी पाऊलखूण आढळली आणि शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवून जिचे छायाचित्र घेण्यात आले, तशी पाऊलखूण पाहावयाची तर एव्हरेस्टच्या परिसरात जावे लागते. लॉख नेसच्या काठी दुर्बीण लावून बसावयाचे म्हटले तरी प्रवासखर्च आणि हवामान या दोहोंची तजवीज करावी लागते. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहून सकाळी ठरावीक लोकल पकडणाऱ्या गृहस्थाची किरकोळ रजा गणपतीस गावी जाण्यातच खर्ची पडते. अशा गृहस्थाने आपल्या गृहनिर्माण संस्थेची हद्द न ओलांडता अद्भुताचे दर्शन कसे घ्यावे, त्याची वाच्यता कशी करावी, आणि तेच दर्शन शेजाऱ्यास घडले असता त्याजवर अविश्वास कसा दाखवावा, याचे मार्गदर्शन करण्याचा येथे विचार आहे.

प्रथम प्राण्याची निवड करावी. वाडवडिलांनी कोकणातून मुंबईस येताना तांदूळ आणि सुकी मासळी यांबरोबर भुतांचाही मोठा परिवार आणला होता. परंतु उपनगराची हवा त्यास मानवली नाही. मुंज्यास पिंपळ लागतो, आणि संस्थेच्या आवारातील पिंपळ वाहने उभी करण्यास अडचण होते म्हणून छाटला गेलेला असतो. आसरांस पाणवठा लागतो, आणि विहिरी बुजल्या. देवचारास गावाची शीव राखावयाची सवय. पण अंधेरी कोठे संपते आणि जोगेश्वरी कोठे सुरू होते हे जेथे पोस्टमनासही खात्रीने सांगता येत नाही, तेथे त्या बिचाऱ्याने राखावे काय? चकवा तेवढा आरे वसाहतीच्या रस्त्यांवर अजून तग धरून आहे असे सांगतात. मात्र त्याच त्या वळणावर पुन्हा पुन्हा येण्याची जी कैफियत आहे, तीत चकव्याचा हिस्सा किती आणि रिक्षाच्या मीटरचा किती, याची शहानिशा अद्याप झालेली नाही.

या पडझडीतून हडळ मात्र सावरली. तिने आपले उलटे पाय आणि झाड सोडले, पांढरी साडी नेसली, आणि आरेच्या रस्त्यावर मध्यरात्रीनंतर वाहनास हात करण्याचा व्यवसाय पत्करला. तिच्या बाबतीत दर्शनेच्छूने एक नियम कसोशीने पाळावा: ती स्वतः पाहिल्याचे कधीही सांगू नये. मावसभावाच्या कचेरीतील एका इसमाने पाहिली, असेच सांगावे. प्रत्यक्ष साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकते. मावसभावाच्या कचेरीतील इसम आजवर कोणत्याही बैठकीस हजर राहिलेला नाही, आणि त्याची जबानी म्हणूनच अभेद्य आहे.

परंतु होतकरू माणसास माझा सल्ला विचाराल तर त्याने बिबट्यावर दृष्टी ठेवावी. यावर अशी हरकत घेतली जाईल की बिबट्या हा मुळी अद्भुत प्राणी नव्हेच. तो खराच आहे. हरकत रास्त आहे. बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेल्या सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्यास लागून असलेल्या आरेत 2015 साली कॅमेरा ट्रॅप लावून गणती झाली, तेव्हा 35 बिबटे मोजले गेले, आणि पुढील गणतीत ते वाढलेले आढळले. यतीला जी लाभलेली नाही ती शासकीय नोंदीची प्रतिष्ठा बिबट्यास लाभलेली आहे. पण खऱ्या प्राण्यास अद्भुत करून दाखविणे यातच उपनगरवासीयाचे खरे कौशल्य. आणि ते त्याने कसे साधले आहे हे पाहिले म्हणजे हिमालयातील आणि स्कॉटलंडमधील मंडळींनी आपल्याकडे शिकवणीस यावे असे वाटू लागते.

दर्शनाची वेळ रात्री एकनंतरची, आणि शक्य तर वीज गेलेली असावी. अंतर शंभर पावलांहून कमी नको. आकाराविषयी असा अनुभव आहे की तो मजल्यागणिक वाढतो: तळमजल्यावरून जी मांजर दिसते ती तिसऱ्या मजल्यावरून बिबट्या दिसते आणि सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोन पिलांसह वाघीण झालेली असते. सबब, जबानी शक्य तो वरच्या मजल्यावरील सभासदाची घ्यावी.

छायाचित्र घेण्यास हरकत नाही. ते स्पष्ट मात्र येऊ देऊ नये. लॉख नेसच्या प्राण्याचे सर्वांत ख्यातनाम चित्र 1934 साली लंडनच्या एका दैनिकात झळकले, आणि पाण्यातून वर आलेली ती सुबक मान म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेले बनावट डोके होते हे उघड होण्यास साठ वर्षे लोटली. चित्र धूसर होते म्हणूनच ते इतके टिकले. आपल्या सैन्यदलाने 2019 च्या एप्रिलमध्ये मकालूच्या तळाजवळील 32 इंच लांब व 15 इंच रुंद पाऊलखुणांची छायाचित्रे यतीच्या नावाने प्रसृत केली तेव्हा ती पुष्कळ स्पष्ट होती, आणि त्यामुळेच एकामागोमाग एक पडलेली ती पावले पाहून हा प्राणी एकाच पायावर चालतो की काय, अशी शंका सामान्य वाचकासही काढता आली. याउलट राष्ट्रीय उद्यानातील कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर बांधतात. कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरील ठिपके उजव्या कुशीवरील ठिपक्यांशी जुळत नाहीत, आणि कोणत्याही दोन बिबट्यांची ठिपक्यांची नक्षी एकसारखी नसते. इतकी खातरजमा झालेल्या प्राण्याविषयी चहाच्या वेळी बोलण्यासारखे काय उरते? म्हणून आपल्या भ्रमणध्वनीवर दुसऱ्याच राज्यातील, दुसऱ्याच वर्षीची चित्रफीत ‘आत्ताच आपल्या मागच्या गेटजवळ’ अशा मजकुरासह आली तर ती पुढे पाठविण्यापूर्वी तीतील भिंतीचा रंग आपल्या भिंतीशी ताडून पाहण्याचा मोह आवरावा.

आता ज्यांचा स्वभाव अविश्वासाचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. उपनगरातील संशयवादी बहुधा मांजरवादी असतो. कोणी काहीही पाहिले तरी आरामखुर्चीतून न उठता ‘अहो, मांजर असेल’ एवढे म्हणून तो वर्तमानपत्राचे पान उलटतो, आणि याला तो विवेक समजतो. या पंथास डिसेंबर 2017 मध्ये जबर धक्का बसला. त्या महिन्यात अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतील एका बालवाडीत जे मांजर शिरले, त्यास भूल देऊन बाहेर काढण्यासाठी वनखात्यास पाचारण करावे लागले; आणि पुढल्याच महिन्यात मुलुंडच्या नाणेपाड्यात दुसऱ्या एका मांजराने काही रहिवाशांस जखमी केले. तेव्हा संशय घ्यावयाचाच तर पायात चपला घालून खाली उतरण्याची तयारी ठेवावी. ओल्या मातीत ठसा शोधावा. त्यात नखांची टोके उमटली असतील तर तो कुत्रा. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, आणि त्याच्या तळव्याच्या ठशास मागील बाजूस तीन उभार दिसतात. 2017 साली यतीचे म्हणून जपलेले केस, हाडे, कातडी अशा नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा आठ अस्वलांचे निघाले आणि नववा कुत्र्याचा. म्हणजे हिमालयातील मठांपासून मुलुंड कॉलनीपर्यंत दर्शनार्थींचा घात करणारा प्राणी बहुधा एकच आहे.

चपला घालणारा संशय महाराष्ट्रास अपरिचित नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि तिचे कार्यकर्ते जेथे भानामती म्हणून कपडे पेटत किंवा घरावर दगड पडत असे सांगितले जाई, तेथे प्रत्यक्ष जाऊन घरातल्या माणसांशी बोलत. ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षी झाला. येथे विनोद करण्याजोगे काही नाही. दर्शनेच्छूंच्या सोयीसाठी इतकेच नमूद करतो की त्या कायद्यान्वये भूत दिसणे हा गुन्हा नाही. भुतास पाचारण करण्याची धमकी देऊन लोकांस भयभीत करणे हा आहे, आणि त्यास किमान सहा महिन्यांची कैद आहे. तेव्हा आरेतील पांढऱ्या साडीविषयी बोलताना ‘दिसली’ म्हणावे, ‘बोलावतो’ म्हणू नये.

या सर्व नियमांस सुरुंग लावणारी काही वस्ती आरेत आणि उद्यानाच्या पोटात आहे, तिचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथील पाड्यांतून राहणारे वारली लोक वाघोबास देव मानतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदविली आहेत. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, शेंदूर, आणि अनेक ठिकाणी शेजारी सूर्यचंद्र, असे त्यांचे साधे रूप असते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीस तेथे पूजा होते. वाघोबा आणि गाव यांच्यात फार पूर्वी समझोता झाला, गावाने वर्षातून एकदा त्याचा मान राखावा आणि त्याने गावास सांभाळावे, अशा आशयाच्या कथा ते सांगतात. या लोकांस बिबट्या दिसतो. पण दिसल्याची वर्दी द्यावी असे त्यांस वाटत नाही, कारण त्यांचा विश्वास दर्शनावर मुळी अवलंबूनच नाही. अंधार पडल्यावर मुलांस एकटे सोडू नये, झुडपाआड जाताना बोलत जावे, रात्री शेळी उघड्यावर बांधू नये, इतक्यात त्यांची सगळी श्रद्धा आचरणात येते. आणि वनखात्याची सूचनापत्रके पाहिली तर त्यांतही जवळजवळ याच गोष्टी, फक्त शेंदुराऐवजी शिक्क्यासह, दिलेल्या असतात. पाड्यावर काही वर्षांपूर्वी हल्ले झाले नाहीत असे नाही. 2021 मध्ये आरेत ते झाले, आणि माणसे जखमी झाली. तरी देवाने करार मोडला म्हणून ठाणे उखडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चौदाव्या मजल्यावरील सभासदाचे याच्या अगदी उलट: त्याचा बिबट्यावर विश्वास नसतो तोवर तो दिसत नाही, आणि दिसला की तो ताबडतोब हटविला जावा असा त्याचा अर्ज असतो.

तो अर्ज कसा करावा हे सांगून हे मार्गदर्शन आवरते घेतो. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. तो फिरवावा आणि पिंजऱ्याची मागणी करावी. पलीकडून, प्राणी कोणावर धावून आला काय, आवारात अडकून पडला आहे काय, असे प्रश्न येतील; नुसते दर्शन झाले असेल तर पिंजरा मिळणार नाही. ही खात्याची टाळाटाळ आहे असे समजण्याचा प्रघात आहे. वास्तविक हा धडा खात्याने फार महाग विकत घेतला. 2002 ते 2004 या काळात उद्यानाभोवती माणसांवरील हल्ले भयंकर वाढले, आणि अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडण्याचा परिपाठ त्यास कारण झाला असावा, असा निष्कर्ष डॉ. विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडला. एक बिबट्या उचलला तर त्याची रिकामी हद्द दुसरा घेतो, आणि तो नवखा असल्याने त्यास आपल्या संस्थेची वहिवाट ठाऊक नसते. तो येतो कशासाठी, हेही ठाऊक आहे: कुत्र्यांसाठी. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधाचा अंदाज असा की येथील बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात. कुत्री येतात कचऱ्यासाठी. कचरा येतो आपल्याकडून.

अखेर सर्व कागद संस्थेच्या सभेपुढे ठेवावेत आणि इतिवृत्त नीट लिहून घ्यावे. नमुन्यादाखल एक देतो. विषय पहिला: मागील गेटजवळ बिबट्या दिसल्याबाबत, चर्चा सव्वा तास. विषय दुसरा: पहारेकऱ्यास मोठी विजेरी घेऊन देणे; मंजूर. विषय तिसरा: बिबट्याने मुख्य प्रवेशद्वारातूनच यावे आणि अभ्यागतांच्या वहीत नोंद करावी, अशी पहारेकऱ्यास समज देणे, एका सभासदाने हा विषय गंभीरपणे सुचविलेला आहे काय असे विचारल्यावरून मतास टाकला, बहुमताने मंजूर. विषय चौथा: मागील भिंतीलगतचा कचरा रोज उचलण्यासाठी मासिक वर्गणीत पन्नास रुपयांची वाढ, दरम्यान बरेच सभासद उठून गेल्याने गणपूर्तीअभावी तहकूब.