जाळीमुक्त मोटारीचे शास्त्र

एमएच ३९ या क्रमांकमालिकेतील खासगी मोटार १५ वर्षांची झाली, म्हणजे तिच्या मालकासमोर दोन विधी उभे राहतात: नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात नोंदणीचे नूतनीकरण आणि गॅरेजमध्ये जाळी काढण्याविषयीची चर्चा. पहिला विधी कायद्याने सांगितलेला असून दुसरा कायद्याला नामंजूर आहे. तरीही उत्साह दुसऱ्यातच अधिक आढळतो.

गॅरेजात जिला जाळी म्हणतात, तिचे ग्रंथोक्त नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान बसवलेल्या या लोखंडी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला चिनीमातीच्या जातीचा ठोकळा असतो, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म लेप असतो. हे धातू उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता इतरांमध्ये रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ होत. त्यांच्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलची वाफ मार्गी लागते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पुन्हा साधा नायट्रोजन होऊन हवेत मिसळतात. मात्र डबा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज हे काम जोमाने चालत नाही. नंदुरबारचा मे महिना त्या दिशेने दरवर्षी प्रामाणिक प्रयत्न करतो, पण चाळिशी ओलांडल्यावर थोड्याच अंशांत त्याचा दम संपतो आणि उर्वरित जबाबदारी इंजिनावर येते.

या यंत्राची कल्पना यूजीन हुड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकात मांडली. परंतु त्या काळच्या पेट्रोलमधील शिसे लेपावर बसून त्याला निकामी करीत असल्याने ती बराच काळ कागदावर राहिली. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण देशभरातील पेट्रोलपासून शिसे वेगळे व्हायला फेब्रुवारी २००० उजाडावे लागले. जिल्हे वेगळे करणे तुलनेने सोपे असावे.

या डब्याचा मूळ दोष असा, की त्याचा लाभ मालकाला होत नाही, मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला होतो, आणि त्याने त्यासाठी एक पैसाही भरलेला नसतो. त्यामुळे तोरणमाळच्या घाटात जुनी गाडी ओढेनाशी झाली, की पहिला संशय या परोपकारी भागावर जातो. मेकॅनिक पान्याने डबा ठोकतो; आत खुळखुळले तर ठोकळा फुटला, न खुळखुळले तर तो तुंबला, असे निदान होते, आणि दोन्ही रोगांवर छिन्नी हाच उपचार ठरतो. जाळी खरोखर तुंबलेली असेल, तर ती काढल्यावर इंजिनाचा श्वास मोकळा होतो, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. परंतु ती तुंबते किंवा वितळते ती बहुधा खराब प्लगमुळे न जळलेले पेट्रोल तिच्यात जाऊन पेटल्याने, अथवा झिजलेल्या रिंगांमधून ऑइल जळल्याने. ती कारणे जागच्या जागी राहतात आणि केवळ त्यांचा साक्षीदार नाहीसा होतो. ठोकळा फोडून रिकामा डबा वेल्डिंग मारून परत जोडला जातो, गाडी मोठ्याने गुरगुरू लागते, आणि वाढलेल्या आवाजालाच वाढलेला पिकअप समजण्याची मानवी प्रवृत्ती उरलेले काम करते. नव्या मोटारींत डब्याच्या पुढेमागे ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असल्याने डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावून हा प्रश्नही तडीस नेला जातो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अशा फेरफाराला आडवे येते, आणि कलम १९० प्रदूषणाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद करते. बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात, इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. नाकावर विसंबून मात्र याचा निर्णय होत नाही, कारण या वायूला वासच नसतो. शिवाय हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या, म्हणजे नंदुरबारच्या नाकाकडून कोणत्याही विषयावर तटस्थ मत मिळणे दुरापास्त होते.

राज्याची हद्द याच जिल्ह्यातील नवापूरच्या रेल्वे स्थानकातून जाते, आणि तिच्या पलीकडच्या गुजरातेत व अलीकडच्या महाराष्ट्रातही मारुती ईकोचे सायलेन्सर रातोरात चोरीला गेल्याच्या बातम्या २०२१ च्या सुमारास येऊ लागल्या. त्या वर्षी ऱ्होडियमचा जागतिक भाव औंसाला वीस हजार डॉलरच्या पुष्कळ वर गेला होता, आणि सोन्याला तेव्हा दोन हजारही मिळत नव्हते. चोरांना सायलेन्सरचे आकर्षण नव्हते. त्यांना त्याला जोडलेल्या जाळीतला भुगा, त्यांच्या भाषेतील ‘माती’, हवा होता. जुन्या मोटारीचा मालक मात्र तीच माती काढण्याची मजुरी पदरची देतो, आणि मेकॅनिकने ती सांडू न देता झाडूने नीट गोळा करून पिशवीत भरली, गॅरेज इतके स्वच्छ ठेवले, याबद्दल त्याचे आभारही मानतो.